खिलाडूपणाची कसोटी : सर दोराबजी टाटा आणि त्यांचे चरित्रकार

चरित्र हे इतिहास आणि ललितवाङ्मय यांच्या सीमेवरचे वाङ्मय होय, असे म्हणण्याचा प्रघात आहे. आमच्या मते ते न्यायदानाच्या अधिक जवळचे आहे. चरित्रकारापुढे एक मनुष्य उभा असतो. त्याच्या बाजूचे साक्षीदार पुष्कळ, बोलके आणि लिहिते असतात. ज्यांना त्याच्या कर्तृत्वाची झळ पोचली ते साक्षीदार विखुरलेले, आणि बहुधा निरक्षर असतात. पहिल्यांचे ऐकून निकाल देणे सोपे असते. दुसऱ्यांना शोधून काढून, त्यांना बोलते करून, मग दोघांचे शब्द एका तागडीत घालणे हे कष्टाचे काम आहे, आणि चरित्रकाराची खरी योग्यता तेथेच कळते.

ही योग्यता उद्योगपतींच्या चरित्रांत विशेष क्वचित आढळते. संतांची चरित्रे भाविकांनी लिहिली आणि राजकीय पुढाऱ्यांची अनुयायांनी. तथापि पुढाऱ्याला निदान प्रतिपक्ष असतो व त्या प्रतिपक्षाचे वर्तमानपत्रही असते. कारखानदाराचे तसे नाही. त्याचे चरित्र एक तर आरती होते, नाही तर आरोपपत्र. आरती म्हणणाऱ्याला गाभाऱ्याबाहेरचे दिसत नाही, आणि आरोपपत्र लिहिणाऱ्याला आरोपीच्या चेहऱ्याशी कर्तव्य नसते. या दोहोंच्या मध्ये मनुष्य हरवतो. अशा हरवलेल्या मनुष्याचे एक ठळक उदाहरण म्हणून सर दोराबजी टाटा यांच्या चरित्राचा आम्ही येथे विचार करणार आहो. त्यांच्या आयुष्यातील निर्णायक प्रसंगांपैकी कित्येक पुणे जिल्ह्यात, लोणावळ्याच्या माथ्यावर, मावळच्या खोऱ्यांत आणि पुण्याच्या एका मैदानावर घडले आहेत. यास्तव मराठी वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही.

दोराबजींविषयी लिहिलेले नाही असे नाही; परंतु ते तीन निरनिराळ्या फळ्यांवर ठेवलेले आहे. पहिल्या फळीवर टाटा घराण्याचे ग्रंथ आहेत. एफ. आर. हॅरिस यांनी १९२५ साली प्रसिद्ध केलेले जमशेटजींचे इंग्रजी चरित्र, आर. एम. लाला यांची पुस्तके, मराठीत गिरीश कुबेर यांचे ‘टाटायन’, ही त्यांतली ठळक नावे. दुसऱ्या फळीवर क्रीडेचा इतिहास आहे. बोरिया मजुमदार व नलिन मेहता यांनी भारताच्या ऑलिंपिक प्रवासावर २००८ साली लिहिलेला ग्रंथ तीत प्रमुख आहे. तिसऱ्या फळीवर मुळशी सत्याग्रहाचे वाङ्मय आहे. त्या लढ्यात स्वतः उतरलेले विनायकराव भुस्कुटे यांनी त्याचा वृत्तांत मराठीत लिहिला, आणि प्राध्यापक राजेंद्र व्होरा यांचा त्याच विषयावरील इंग्रजी ग्रंथ २००९ साली निघाला. या तिन्ही फळ्यांवरील पुस्तके आपापल्या जागी उपयुक्त आहेत. पण पहिलीवर दोराबजी हे बापाचे स्वप्न पुरे करणारे सत्पुत्र आहेत, दुसरीवर ते खेळाडूंचे उदार आश्रयदाते आहेत, आणि तिसरीवर तर ते बहुधा मनुष्यरूपाने येतच नाहीत; तेथे येते ती ‘टाटा कंपनी’. एकाच मनुष्याची अशी वाटणी झाल्यामुळे त्याच्या आयुष्यातील सर्वांत अवघड प्रश्न कोणालाच विचारावा लागलेला नाही.

तो प्रश्न मांडण्यापूर्वी आयुष्याची रूपरेषा सांगितली पाहिजे. दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईस झाला. सोळाव्या वर्षी ते इंग्लंडला गेले आणि १८७७ साली केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात दाखल झाले. तेथे पुस्तकांपेक्षा मैदानावर त्यांचे नाव अधिक झाले. क्रिकेट व फुटबॉल या दोन्ही खेळांत त्यांनी महाविद्यालयाचा मान मिळविला. टेनिस, नौकानयन आणि धावणे यांतही ते तरबेज होते. १८७९ साली परत आल्यावर त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातून १८८२ साली पदवी घेतली. घोड्यावरून मुंबईहून खडकीपर्यंत नऊ तासांत मजल मारल्याची त्यांची कथा त्यांच्याविषयी लिहिणारे आवडीने सांगतात. ती खरी मानल्यास, बोरघाट चढून लोणावळ्यावरून आणि मावळातून हा तरुण दौडत गेला तेव्हा, पुढे आपल्याच कंपन्यांची तळी येथे पसरणार आहेत याची त्याला कल्पनाही नसावी.

पदवीनंतर दोन वर्षे ‘बॉम्बे गॅझेट’ पत्रात उमेदवारी करून १८८४ साली ते वडिलांच्या धंद्यात शिरले. पाँडिचेरीस गिरणी काढणे लाभाचे होईल की काय हे पाहण्यास वडिलांनी त्यांना धाडले, आणि पुढे नागपूरच्या एम्प्रेस गिरणीत त्यांना कामाचे धडे मिळाले. लोखंडाच्या शोधात त्यांनी वेल्ड नावाच्या अमेरिकन भूगर्भतज्ज्ञाबरोबर चांदा जिल्ह्याची राने तुडविली. तेथे निराशा झाल्यावर नागपूरच्या वस्तुसंग्रहालयात एक भूस्तरीय नकाशा त्यांच्या दृष्टीस पडला व त्यावरून द्रुग जिल्ह्यातील लोहखनिजाचा माग लागला. १९ मे १९०४ रोजी जमशेटजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे वारले. पोलादाचा कारखाना, विज्ञानसंस्था व जलविद्युत अशा तीन अपुऱ्या योजना वारशात आल्या. पोलादाची कंपनी १९०७ साली निघाली, बंगलोरची संस्था १९०९ साली स्थापन झाली, आणि लोणावळ्याच्या जलविद्युत कंपनीची स्थापना १९१० साली झाली.

येथपर्यंतचा भाग आरतीकारांनी उत्तम सांगितला आहे, आणि त्यात खोट काढण्याचे आम्हांस कारण नाही. लोणावळ्याच्या योजनेविषयीही त्यांचे वर्णन यथार्थ आहे. मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत. तो कोळसा शेकडो कोस दुरून येई व त्याच्या धुराने शहर काळवंडे. उलट सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यात पाण्याला तोटा नसे. डेव्हिड गॉस्टलिंग या वास्तुविशारदाच्या मनात आलेली कल्पना जमशेटजींनी उचलून धरली होती. वळवण धरणाची कोनशिला मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते फेब्रुवारी १९११ मध्ये बसविण्यात आली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथील तळ्यांचे पाणी मोठमोठ्या नळांतून सुमारे सतराशे फूट खाली खोपोलीस सोडून १९१५ साली वीज मुंबईस पोचली. पूर्वेस इंद्रायणी-भीमेकडे जावयाचे पाणी डोंगराच्या कडेवरून पश्चिमेस कोकणात उतरविण्यात आले. स्थापत्याचे हे काम त्या काळी आश्चर्यकारक होते यात शंका नाही. पुढे १९१६ साली आंध्र खोऱ्याची कंपनी निघून अंदर मावळात ठोकरवाडीचे धरण झाले, आणि १९१९ साली तिसरी, टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली. मुळा व निळा यांच्या संगमाजवळ, मुळशी येथे धरण बांधून भिऱ्यास वीज उत्पन्न करणे हा तिचा हेतू होता.

आता वाचकांनी पुढील दोन हकीकती शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. त्या एकत्र ठेवणे हेच या लेखाचे मुख्य प्रयोजन आहे.

पहिली हकीकत पुण्याची. दोराबजी डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते. १९१९ च्या सुमारास तेथील क्रीडासामन्यांत लांब पल्ल्याच्या शर्यतीत शेतकरी वर्गातील तरुण अनवाणी धावताना त्यांनी पाहिले. त्यांना ना शिक्षक होता, ना शास्त्रशुद्ध तयारी. तरीही त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या वेळांशी तुलना करण्याजोग्या होत्या. केंब्रिजच्या मैदानावर तयार झालेल्या डोळ्यांनी हे गुण तत्काळ ओळखले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्याशी बोलून, निधी जमवून व त्यात स्वतःची भर घालून दोराबजींनी १९२० सालच्या अँटवर्प ऑलिंपिकला लहानसा संघ धाडला. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. मल्ल रणधीर शिंदे यांचे पदक थोडक्यात हुकून ते चौथे राहिले. त्याच वर्षी दोराबजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सभासद झाले, आणि १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटनेचे पहिले अध्यक्ष. १९२९ साली समितीचे अध्यक्ष काउंट बाये-लातूर यांस लिहिलेल्या पत्रात त्यांनी या अनवाणी धावपटूंची आठवण मुद्दाम नमूद केली आहे. त्या पत्रावरून हे कौतुक वरपांगी नव्हते असे आम्हांस वाटते.

दुसरी हकीकत त्याच पुणे जिल्ह्याची, आणि अवघ्या काही महिन्यांनंतरची. मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांना आपली भातखाचरे पाण्याखाली जाणार हे कळले, तेव्हा त्यांनी विरोध आरंभिला. आंबेमोहर तांदळाबद्दल नावाजलेली ही खोरी आहेत. तेथल्या कुणब्याला खाचर म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, शेकडो मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले व काम थांबले. महात्मा गांधींनी त्याच महिन्यात ‘यंग इंडिया’त लिहून टाटांस फेरविचाराची विनंती केली. कंपनीने काम तूर्त स्थगित ठेवले. पण वर्षअखेर ते पुन्हा सुरू झाले आणि त्याबरोबर सत्याग्रहही. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे नाव लाभले ते याच लढ्यात. चळवळ ओसरल्यावर डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी कामगारांना नेणारी आगगाडी अडविली व त्याबद्दल दीर्घ कारावास पत्करला. धरण पुरे झाले, १९२७ साली भिऱ्याहून वीज निघाली, आणि गावे पाण्याखाली गेली.

अनवाणी धावणारा तो शेतकरी आणि धरणाच्या पायाशी बसलेला हा शेतकरी एकाच मातीतले होते. एकाला ज्यांनी आगबोटीने अँटवर्पला पोचविले, त्यांच्याच कंपनीने दुसऱ्याला घरातून उठविले. जमशेटजींच्या मृत्यूनंतर घराण्याच्या उद्योगांचे प्रमुखपद १९०४ पासून अखेरपर्यंत दोराबजींकडे होते. सबब मुळशी हे कोणा दुय्यम अधिकाऱ्याचे कृत्य म्हणून बाजूस सारता येत नाही. दोराबजींच्या अंतःकरणात या दोन शेतकऱ्यांची भेट कधी झाली काय? हा तो अवघड प्रश्न. क्रीडेच्या इतिहासकाराला तो पडत नाही, कारण मुळशी त्याच्या विषयात नाही. घराण्याच्या चरित्रकाराला तो नकोसा होतो. सत्याग्रहाच्या लेखकाला अँटवर्पशी काही कर्तव्य नसते.

दोराबजींच्या चरित्रात ‘खिलाडू वृत्ती’ हा शब्द एखाद्या मेडलसारखा त्यांच्या कोटावर लावलेला आढळतो. आमचे म्हणणे एवढेच की, जो गुण नायकाचा म्हणून सांगावयाचा, त्याच गुणाने त्याचे आयुष्य मोजले पाहिजे. खिलाडूपणा म्हणजे नुसती खेळाची आवड नव्हे. त्याचे तीन नियम शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. खेळाचा कायदा दोन्ही पक्षांस सारखा असावा. पंच कोणत्याही पक्षाचा नसावा. आणि जिंकणाऱ्याने हरणाऱ्याचे शौर्य उघडपणे मान्य करावे. हे नियम मुळशीस लावून पाहू. जमीन घेतली गेली ती १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वये. या कायद्याने सरकारला खाजगी कंपनीसाठीही जमीन घेता येई. मालकाची संमती आवश्यक नव्हती, वाद उरे तो केवळ किमतीचा. म्हणजे एका पक्षाला खेळावयाचे की नाही हे ठरविण्याचाही अधिकार नव्हता, आणि पंच ज्या सरकारचा, तेच सरकार दुसऱ्या पक्षासाठी मैदान मोकळे करून देत होते. हा कायदा थेट २०१३ साली नवा कायदा होईपर्यंत टिकला, यावरून त्याची सोय किती जणांना होती हे दिसते. पहिल्या दोन नियमांचा निकाल असा स्पष्ट आहे. तिसऱ्याविषयी चरित्रकाराने कंपनीचे दप्तर, सभांचे वृत्तांत व खाजगी पत्रव्यवहार धुंडाळून बोलले पाहिजे. त्यावाचून दोराबजींना निष्ठुर म्हणणे जितके अन्यायाचे, तितकेच त्यांना अजाण म्हणणेही.

आरतीकारांचे यावर एक ठराविक उत्तर असते, ते म्हणजे दोराबजींचे औदार्य. हे औदार्य खोटे नव्हते. पोलादाचा कारखाना १९२४ साली बुडण्याच्या बेतात आला, तेव्हा त्यांनी आपली सुमारे एक कोटीची सर्व मालमत्ता, पत्नी मेहेरबाई यांच्या दागिन्यांसह, इंपीरियल बँकेकडे गहाण टाकून कर्ज काढले. मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. दोराबजींना मूलबाळ नव्हते. मार्च १९३२ मध्ये त्यांनी आपली सारी संपत्ती, देश, वंश वा धर्म यांचा भेद न करता विनियोग व्हावा अशा अटीवर, विश्वस्तनिधीच्या स्वाधीन केली. आणि पत्नीच्या समाधीचे दर्शन घेण्यास इंग्लंडकडे निघाले असता वाटेत ३ जून १९३२ रोजी जर्मनीतील बाड किसिंगेन येथे देह ठेवला. त्या निधीतून १९३६ साली समाजशास्त्राची संस्था, १९४१ साली मुंबईचे कर्करोग रुग्णालय आणि १९४५ साली मूलभूत संशोधनाची संस्था उभी राहिली. या संस्थांचा लाभ न झालेले मराठी कुटुंब शोधावेच लागेल.

परंतु दान आणि देणे या भिन्न गोष्टी आहेत. देणेकऱ्याने शेजारच्या गावी धर्मशाळा बांधली म्हणून सावकाराची वही कोरी होत नाही. मुळशीच्या कुणब्याचे जे गेले ते रुग्णालयाने भरून आले असे म्हणणे हा त्या कुणब्याचा अपमान आहे, आणि आमच्या मते दोराबजींच्या दानाचाही. कारण ते दान प्रायश्चित्त म्हणून दिलेले नव्हते. चरित्रकाराने ही दोन खाती निरनिराळी मांडावी व दोन्हींची बेरीज वाचकावर सोपवावी. ती बेरीज शून्य करून दाखविण्याची घाई हा आपल्याकडील उद्योगचरित्रांचा मुख्य दोष होय.

दोष एकाच बाजूस आहे असे मात्र कोणी समजू नये. सत्याग्रहाच्या वाङ्मयातही एक सोयीस्कर सुलभीकरण शिरते. एका बाजूस भोळे मावळे व दुसऱ्या बाजूस भांडवलदार, असे चित्र रंगविले की काम भागते. वस्तुस्थिती इतकी सरळ नव्हती. मुळशीतील पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेल्या किंवा त्यांच्याच मालकीच्या झालेल्या होत्या. त्यांपैकी अनेकांना खाचर वाचण्यापेक्षा भरपाई हाती पडणे अधिक लाभाचे वाटले. त्यामुळे पुण्यातील पुढाऱ्यांतही फूट पडली आणि कसणारा कुळवाडी एकाकी झाला. प्राध्यापक व्होरा यांनी ही अप्रिय गोष्ट लपविली नाही, हे त्यांच्या ग्रंथाचे मोठे बळ आहे. आपल्या पक्षाच्या वहीतील खाडाखोड वाचकाला दाखविण्याचे धैर्य त्यात आहे. टाटांच्या चरित्रकारांकडून आमची अपेक्षा याहून निराळी नाही.

या सर्व विवेचनावर कोणी म्हणेल की, शंभर वर्षांपूर्वीच्या वादाचा निखारा आता फुंकण्यात काय हशील? आमचे उत्तर असे की, हा निखारा विझलेलाच नाही. भीमेच्या खोऱ्यातील लोक आपले पूर्वेचे पाणी पूर्वेसच मिळावे अशी मागणी आजही करीत आहेत. मुळशीनंतर या महाराष्ट्रात कोयना झाले, पानशेत झाले, मावळातच पवना झाले. प्रत्येक वेळी कोणाच्या तरी दिव्यासाठी वा नळासाठी दुसऱ्या कोणाची चूल विझली. अशा प्रसंगी योजना आखणारा मनुष्य दुष्ट असतो असे मानले की विचार संपतो. तो पुष्कळदा दोराबजींसारखा उदार, कष्टाळू आणि गुणग्राही असतो. सज्जनाच्या हातूनही असा अन्याय कसा घडतो, कोणत्या कायद्याच्या व कोणत्या समजुतीच्या आडोशाने घडतो, हे समजावून देण्याचे सामर्थ्य सभेतल्या भाषणात वा सरकारी अहवालात नसते. ते काम चरित्राचे आहे, कारण एकाच देहात राहणारे दोन मनुष्य दाखविण्याची विद्या त्याच्यापाशी आहे.

म्हणून आमची मागणी एका नव्या मराठी चरित्राची आहे. ते लिहिणाऱ्याला इंग्रजी दप्तर वाचता यावे, आणि मुळशी व मावळ येथील गावकऱ्यांच्या घरी बसून त्यांच्या वाडवडिलांच्या आठवणी ऐकताही याव्यात. त्याने केंब्रिजचे मैदान, चांद्याचे रान, वळवणचे धरण, डेक्कन जिमखान्यावरची शर्यत आणि मुळशीची रामनवमी ही सर्व एकाच ग्रंथात, सनावळीच्या क्रमाने, एकामागून एक मांडावी. त्याने नायकाला देव्हाऱ्यात बसवू नये व पिंजऱ्यातही उभे करू नये. फडेप्पा चौगुले यांच्याविषयी त्याने जितक्या आस्थेने चौकशी करावी, तितक्याच आस्थेने धरणाखाली गेलेल्या एखाद्या वाडीविषयी करावी. असे पुस्तक झाले तर दोराबजींची कीर्ती उणावेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. जो मनुष्य अनवाणी धावणाऱ्याचे पाय पाहून त्याची योग्यता ओळखू शकला, त्याची स्वतःची परीक्षाही सपाट मैदानावर, दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांसमक्ष व्हावी, हेच त्याच्या खिलाडूपणाला शोभणारे आहे.